लेवीने जकातनाके सोडले, जक्कयाने सोडले नाही

उन्हाळ्याच्या सुटीत युवक शिबिरे भरू लागली की मराठी ख्रिस्ती मंडळ्यांतला एक जुना वाद पुन्हा डोके वर काढतो. शिबिराच्या शेवटच्या रात्री वक्ता आवाहन करतो की ज्याला प्रभूने पूर्णवेळ सेवेसाठी पाचारण केले आहे त्याने उभे राहावे. चार-पाच मुलेमुली डबडबल्या डोळ्यांनी उभी राहतात, त्यांच्यासाठी प्रार्थना होते, आणि दुसऱ्या दिवशी ती घरी परतली की आईवडिलांच्या पोटात गोळा येतो. शिक्षणासाठी काढलेले कर्ज फिटलेले नसते, धाकटी भावंडे अजून शिकत असतात, आणि मुलगा हातातली नोकरी सोडून पाळकांचे शिक्षण देणाऱ्या सेमिनरीत जाण्याची भाषा करू लागतो. मग मंडळीत दोन तट पडतात. एक तट म्हणतो, देवाची हाक आल्यावर पगाराचा हिशेब करत बसणे हाच अविश्वास आहे. दुसरा म्हणतो, आपण जिथे नोकरी करतो तेच आपले सेवाक्षेत्र, तेव्हा कुठे जाण्याची गरजच काय? या दोघांची समजूत घालायला पुढे येणारी वडीलधारी माणसे तोल साधण्याचा सल्ला देतात: सहा दिवस नोकरी नीट करा, रविवार प्रभूला द्या, दशमांश चुकवू नका आणि जमेल तसे संध्याकाळच्या प्रार्थनासभेला येत जा.

मला हे तिन्ही पक्ष चुकलेले वाटतात, आणि तिघांची चूक एकच आहे. करिअर ही एक वस्तू आणि पाचारण ही दुसरी वस्तू असून दोन्ही एकाच तराजूच्या दोन पारड्यांत घालायच्या आहेत, हे तिघांनीही धरून चालले आहे. वाद आहे तो फक्त कोणते पारडे खाली जावे याचा. माझे म्हणणे असे आहे की ख्रिस्ती माणसाला पाचारण एकच असते, ख्रिस्ताच्या मागे चालण्याचे, आणि ते उपजीविकेच्या शेजारी गुपचूप बसून राहत नाही, तर उपजीविकेची परीक्षा घेते. या परीक्षेचा निकाल माणसागणिक वेगळा लागतो. कोणाला हातातले काम सोडावे लागते, कोणाला तेच काम अगदी निराळ्या रीतीने करावे लागते, तर कोणाला जे काम नकोसे झाले आहे त्यातच टिकून राहावे लागते. निकाल कोणता हे आधीच ठरवून टाकण्याचा अधिकार शिबिराच्या वक्त्याला नाही आणि घाबरलेल्या बापालाही नाही. आणि विशी-बाविशीच्या मुलाला एकट्यालाच हा निर्णय घ्यायला लावून मंडळीने नामानिराळे राहणे, हा तर मला सरळ अन्याय वाटतो.

शुभवर्तमान उघडून पाहा. एकाच लूकने एकाच धंद्यातल्या दोन माणसांच्या हकिगती दिल्या आहेत. लेवी जकातनाक्यावर बसला होता. येशू त्याला म्हणाला, माझ्यामागे ये, आणि तो सर्व सोडून उठला व निघाला. जक्कय यरीहोतला मुख्य जकातदार, म्हणजे लेवीपेक्षा मोठा अधिकारी आणि श्रीमंतही. येशू त्याच्या घरी उतरला आणि जक्कयाने उभे राहून सांगितले की माझे अर्धे धन मी गरिबांना देतो आणि ज्याला फसवून काही घेतले असेल त्याला चौपट परत करतो. त्यावर येशूने ‘आज या घराला तारण प्राप्त झाले आहे’ असे म्हटले. जकातीचे काम सोड, असे तो म्हणाल्याची नोंद नाही. तोच धंदा, तीच बदनामी, तोच प्रभू, आणि एकाला उठवले तर दुसऱ्याला तिथेच ठेवले! पूर्णवेळ सेवेचा आग्रह धरणारे लेवीवर प्रवचन देतात, नोकरीचे समर्थन करणारे जक्कयावर देतात, पण दोघांना एकत्र ठेवून क्वचितच कोणी वाचते. ते एकत्र वाचले की दिसते की काम सोडणे किंवा न सोडणे ही पाचारणाची खूण कधीच नव्हती. खूण होती ती ख्रिस्त घरात आल्यानंतर जकातीच्या पैशाचे काय झाले, ही.

बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे जकातदार आले तेव्हा त्याने त्यांना ठरवून दिल्यापेक्षा जास्त वसूल करू नका असे सांगितले, आणि शिपाई आले तेव्हा त्यांना जुलमाने कोणाचे काही घेऊ नका, आपल्या पगारात समाधान माना असे बजावले. अरण्यात राहून टोळ आणि रानमध खाणाऱ्या, म्हणजे स्वतः सर्व सोडलेल्या माणसाचे हे बोलणे आहे, हे विसरू नये. गरसेकरांच्या प्रदेशातला बरा झालेला भूतग्रस्त तर येशूबरोबर येऊ द्या म्हणून गयावया करत होता. त्याला येशूने येऊ दिले नाही, आपल्या घरी आपल्या माणसांकडे जा असे सांगितले. आजच्या एखाद्या शिबिरात तो माणूस उभा राहिला असता तर त्याला परत घरी पाठवण्याचे धैर्य आपल्यापैकी किती जणांना झाले असते?

विरुद्ध बाजूचे सर्वांत बळकट म्हणणे मला मान्य आहे, आणि ते सौम्य करून मांडण्यात अर्थ नाही. येशूने खरोखरच कोळ्यांना जाळी सोडायला लावली. कोणालाही दोन धन्यांची चाकरी करता येत नाही, हे त्याचेच शब्द. नांगराला हात घालून मागे पाहणारा देवाच्या राज्याला उपयोगी नाही, हेही त्याचेच. ही वाक्ये ज्याला टोचत नाहीत त्याने शुभवर्तमान वाचलेलेच नाही. पैसा माणसाला हळूहळू गिळतो, आणि गिळताना तो जबाबदारीचा, मुलांच्या भवितव्याचा, समाजातल्या मानाचा वेश घेऊन येतो. ‘आधी घर होऊ दे, मग मुलांची शिक्षणे होऊ देत, निवृत्तीनंतर प्रभूची सेवा करीन’ असे म्हणत तीस वर्षे काढलेली माणसे प्रत्येक मंडळीत आहेत. नोकरी हेच सेवाक्षेत्र म्हणणाऱ्यांना या इशाऱ्याचा जाच वाटत नसेल, तर त्यांचे म्हणणे केवळ सोयीचे आहे.

परंतु जाळी सोडण्याची ती हकिगतही नीट वाचली पाहिजे. याकोब आणि योहान यांनी बापाला सोडले हे सांगताना मार्क एक बारीकसा तपशील नोंदवतो: जब्दी मजुरांबरोबर तारवात राहिला. म्हातारा बाप जाळे ओढायला एकटा उरला नव्हता. पेत्राने जाळी सोडली, आणि पुढच्या काही ओवींतच येशू त्याच्या घरी जाऊन त्याच्या तापाने फणफणलेल्या सासूला बरे करतो. म्हणजे घर होते, सासू होती, आणि पुढे पौल करिंथकरांना लिहितो त्यावरून दिसते की केफा, म्हणजे पेत्रच, प्रवासात पत्नीलाही बरोबर घेऊन हिंडत असे. पेत्राचा धंदा सुटला. माणसे सुटली नाहीत. उलट देवाच्या नावावर माणसे सोडणाऱ्यांविषयी येशू किती कडक बोलला आहे! आईबापांना जे द्यायचे ते ‘कुर्बान’, म्हणजे देवाला वाहिलेले, असे म्हणून हात वर करणाऱ्यांना त्याने सांगितले की तुम्ही आपल्या परंपरेने देवाचे वचन रद्द करता. ज्या घरात कर्जाचा हप्ता मुलाच्या पगारातून जातो आणि आईच्या औषधांचा खर्चही त्याच पगारातून भागतो, त्या घरातल्या मुलाला कुर्बानाची गोष्ट न सांगता केवळ जाळ्यांची गोष्ट सांगणे, हे वचनाशी प्रामाणिक राहणे नव्हे.

दुसरा आक्षेप इतिहासाचा आहे. ज्यांनी सर्व सोडले नसते तर आपण ख्रिस्ती झालो असतो का, असे विचारले जाते, आणि हे विचारताना इंग्रज मिशनरी विल्यम केरीचे नाव हमखास येते. प्रश्न रास्त आहे. पण केरी या वादात दोन्ही बाजूंना अडचणीत आणतो. इंग्लंडात तो जोडे शिवून पोट भरत होता. 1793 मध्ये बंगालात आल्यावर पैसे संपले आणि त्याने मुदनाबाटी येथे निळीच्या कारखान्याची व्यवस्था पाहण्याची नोकरी धरली. व्यापाराच्या मागे लागून सेवा विसरू नका असा इशारा त्याला मायदेशातल्या मंडळाकडून आला आणि तो त्याच्या जिव्हारी लागला, कारण त्या नोकरीच्या पैशावरच त्याचे भाषांतर चालले होते. 1801 पासून तो कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात कंपनीच्या अधिकाऱ्यांना बंगाली आणि संस्कृत शिकवू लागला, पुढे मराठीही. तो पगार सेरामपूरच्या मिशनच्या सामायिक निधीत जात असे. 1805 मध्ये सेरामपूरला छापले गेलेले त्याचे मराठी व्याकरण याच नोकरीतून, वर्गात शिकवण्याच्या गरजेतून निघाले. मग मराठीत आलेले हे काम केरीच्या करिअरच्या खात्यावर मांडायचे की पाचारणाच्या? हा प्रश्न केरीला विचारता आला असता तर त्याचा अर्थच त्याच्या ध्यानात आला नसता. बाबा पदमनजींची वाट तर याच्या बरोबर उलटी. ते काही काळ पाळक होते, आणि पाळकपण सोडून त्यांनी उरलेले आयुष्य लेखन आणि संपादन यांत घालवले. पूर्णवेळ सेवा म्हणजेच वरची पायरी असे मानले तर पदमनजी पायरी उतरले असे म्हणावे लागेल. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा वाचक हे कधी कबूल करील काय?

काही कामे पवित्र आणि बाकीची पोटाची, ही विभागणी मंडळीच्या इतिहासात जुनी आहे. मध्ययुगात देवाने बोलावलेला म्हणजे मठात गेलेला किंवा दीक्षित झालेला, अशीच समजूत रूढ झाली होती, जरी बेनेदिक्ताच्या नियमाने सहाव्या शतकातच साधूंच्या दिवसात प्रार्थनेबरोबर अंगमेहनतीलाही जागा दिली होती. 1520 मध्ये ल्यूथरने जर्मन सरदारांना उद्देशून लिहिताना चांभार, लोहार, शेतकरी हे सगळे बिशपाइतकेच देवाचे याजक आहेत आणि प्रत्येकाने आपल्या कामाने दुसऱ्याच्या उपयोगी पडावे, असे ठासून मांडले. कॅथलिक परंपरेनेही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, 1964 च्या दस्तऐवजात, पवित्रतेचे पाचारण सर्वांनाच आहे असे सांगितले आणि पुढच्याच वर्षी श्रद्धा व रोजचे जीवन यांच्यातली फारकत ही आपल्या काळातली एक गंभीर चूक ठरवली. म्हणजे या तत्त्वाबद्दल आता दोन मोठ्या परंपरांत भांडण उरलेले नाही. तरीही वसईच्या धर्मग्रामापासून नगरच्या मंडळीपर्यंत पाचारण म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे पांढरा झगाच येतो.

मात्र ल्यूथरच्या म्हणण्यात एक धोका दडलेला आहे आणि तो आपल्याइतका कोणालाच कळू नये, असा आपला इतिहास आहे. प्रत्येकाने आपापल्या जागी राहून देवाची सेवा करावी, हे वाक्य ज्याला जागा निवडण्याची मुभा आहे त्याच्यासाठी सुवार्ता असते. ज्याची जागा जन्मानेच ठरवून टाकली आहे त्याच्यासाठी ती बेडी ठरते. ज्या स्थितीत पाचारण झाले त्याच स्थितीत राहा, या पौलाच्या वाक्याचा आधार गुलामगिरीच्या समर्थकांनी घेतला, आणि लगेच पुढे पौल स्वतंत्र होता आले तर ती संधी घे असेही सुचवतो, याकडे काणाडोळा केला. आपल्या मातीतही याचा पडताळा आहे. सावता माळ्याने मळ्यात, गोरोबाने चाकावर, सेनाने धोकटीत देव पाहिला, ही मराठी मनाची फार मोठी कमाई आहे आणि नारायण वामन टिळकांसारख्या ख्रिस्ती कवीने संतांचा वारसा प्रेमाने स्वीकारला तो उगीच नव्हे. पण त्याच मालिकेत चोखामेळाही आहे. परंपरा सांगते की मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करत असताना भिंत कोसळून तो तिच्याखाली गेला. त्याच्या भक्तीत काय उणे होते? काही नाही. तरीही त्याला नेमून दिलेल्या कामाला देवाचे पाचारण म्हणण्याची हिंमत कोण करील?

अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनचे काम 1831 मध्ये सुरू झाले. त्या जिल्ह्यातल्या ज्या महार आणि मांग कुटुंबांनी पुढच्या काळात बाप्तिस्मा घेतला, त्यांच्यासाठी मिशनच्या शाळेतली अक्षरओळख म्हणजे मेलेली जनावरे ओढणे, हाळी देणे, रात्री-अपरात्री सरकारी निरोप पोचवणे, या गावकीच्या कामांतून बाहेर पडण्याची वाट होती. डॉ. आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात वतनाविरुद्ध विधेयक आणले, यावरून ती कामे किती घट्ट चिकटलेली होती हे कळते. त्या कुटुंबांतून मास्तर झाले, कंपाउंडर झाले, परिचारिका झाल्या. त्यांच्या पणतवंडांनी इंजिनिअर व्हायचे म्हटले की काही वक्ते त्याला ‘जगाच्या मागे लागणे’ म्हणतात. मला हे ऐकवत नाही. आपली उपजीविका स्वतः निवडता येणे, हेच ज्या समाजाला चार पिढ्यांच्या कष्टाने मिळाले, त्या समाजात चांगली नोकरी मिळवणे हा कित्येकदा सुवार्तेचा विरोध नसतो, सुवार्तेचे फळ असते. मोठ्या शहरातल्या, तीन पिढ्या सुस्थितीत असलेल्या घरातल्या मुलाला ‘सोड’ म्हणणे आणि वाडीवस्तीवरून आलेल्या पहिल्या पदवीधर मुलीला ‘सोड’ म्हणणे, ही दोन सर्वस्वी वेगळी वाक्ये आहेत, शब्द तेच असले तरी.

आता नोकरी हेच सेवाक्षेत्र म्हणणाऱ्यांकडे वळतो. त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे आणि उरलेले अर्धे ते सहसा उच्चारत नाहीत. काम हीच सेवा असेल, तर ते काम दुसऱ्याचे काय करते, हा प्रश्न टाळता येणार नाही. डब्याच्या सुटीत सहकाऱ्याला पत्रिका दिली, टेबलावर वचनाची पाटी ठेवली, म्हणून कचेरी सेवाक्षेत्र होत नाही. त्याच टेबलावरून विधवेच्या पेन्शनची फाइल तीन महिने हलत नसेल, तर ती पाटी देवाची निंदा करते. रस्त्याचे काम निकृष्ट आहे हे माहीत असून बिलावर सही करणारा अभियंता रविवारी कितीही सुरेल गात असला, तरी त्याच्या पाचारणाची परीक्षा त्या सहीपाशी होते. आणि काही कामे अशी असतात की ती प्रामाणिकपणे करताच येत नाहीत. ती सोडावीच लागतात, मग पगार कितीही असो.

माझ्या परिचयात सरकारी रुग्णालयातल्या एक परिचारिका आहेत. मराठी ख्रिस्ती बायकांनी या पेशात पिढ्यान्‌पिढ्या जे केले त्याचा इतिहास नीट लिहिला गेलेला नाही. रात्रपाळीत त्यांच्याकडे वॉर्डातल्या साऱ्या खाटा आणि मदतीला एक मावशी. अर्धांग झालेल्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात आणि त्या जखमा आजारापेक्षा आधी माणसाला संपवतात. रुग्ण जड असतो, चादर ओली असते, नातेवाईक झोपलेले असतात, आणि दोन वाजताची कूस चुकवली तर ते सकाळपर्यंत कोणाच्याही लक्षात येणार नाही, हे त्यांना ठाऊक असते. त्या ती चुकवत नाहीत. सलाइन बदलायची, तापमान लिहायचे, सकाळी पुढच्या पाळीला ओव्हर, म्हणजे रुग्णांची माहिती, द्यायची आणि रविवार असेल तर तशाच उपासनेला यायचे. तोवर प्रवचन अर्धे झालेले असते. त्यांच्या मंडळीत त्यांच्याविषयी काय बोलले जाते? आध्यात्मिक दृष्ट्या थंड पडल्या आहेत, नियमित येत नाहीत. ज्या रात्री कोणी पाहत नव्हते त्या रात्री एका परक्या माणसाची पाठ वाचवणे हे पाचारण नसेल, तर कलस्सैकरांना पौलाने जे काही कराल ते प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा असे कशासाठी लिहिले? तोल साधण्याचा सल्ला या बाईला द्यायचा तो कसा द्यायचा? तिचे सहा दिवस आणि सातवा दिवस वेगळे काढताच येत नाहीत.

या वादात एक माणूस नेहमी गैरहजर असतो: ज्याला दुसऱ्याच्या पाचारणाची किंमत मोजावी लागते तो. केरीची पत्नी डोरथी हिला हिंदुस्थानात यायचे नव्हते. ती मागाहून तयार झाली, मुदनाबाटीला तिचा पाच वर्षांचा मुलगा गेला आणि तिचे मन त्यानंतर कधी ताळ्यावर आले नाही. केरीच्या थोरवीवर बोलताना तिचा उल्लेख टाळणे मला अप्रामाणिक वाटते. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतर काही वर्षे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यापासून दूर राहिल्या. मुलाला घेऊन, माहेरच्यांच्या आधाराने, लोकांच्या नजरा सोसत. 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या विचाराने, स्वतःची सोवळ्याओवळ्याची गाठ स्वतः सोडवून. पुढे 1917 मध्ये टिळकांनी मिशनची पगारी नोकरीही सोडली आणि देवाच्या दरबाराची कल्पना घेऊन ते नव्या कामाला लागले. टिळकांच्या त्यागाविषयी मला नितांत आदर आहे. पण त्यांच्या हातात पैसा टिकत नसताना घर कोणी चालवले, हेही त्या त्यागाच्या हिशेबात धरले पाहिजे. ते लक्ष्मीबाईंनी स्वतः लिहून ठेवले म्हणून निदान आपल्याला कळले. नवऱ्याला हाक आली म्हणून बायकोलाही आपोआप हाक आली असे धरून चालणाऱ्या मंडळ्या आजही आहेत. पाळकाच्या पत्नीने आपली शिक्षिकेची नोकरी सोडावी, महिला मंडळ चालवावे, पाहुण्यांचे करावे, आणि या साऱ्याबद्दल तिला कधी कोणी विचारू नये, हे कोणत्या वचनात लिहिले आहे?

पाचारणाने उपजीविका मोडून ती नव्याने घडवली, असे उदाहरण शोधायला आपल्याला दूर जायला नको. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकले, पुढचे शिक्षण अमेरिकेत घेतले आणि 1970 मध्ये तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या जामखेडला आले. त्यांनी डॉक्टरकी सोडली नाही. जे सोडले ते त्याहून अवघड होते: डॉक्टरच्या हातातच ज्ञान असावे, हा आपल्या पेशाचा हट्ट. गावोगावच्या बायका, त्यांतल्या कितीतरी निरक्षर आणि गावाने खालच्या मानलेल्या जातींतल्या, त्यांनी निवडल्या. या बायकांना बाळंतपण, मुलांचा आहार, जुलाबावरचे साखर-मिठाचे पाणी, कुष्ठरोगाची लक्षणे हे सारे शिकवले, आणि गावाचे आरोग्य त्यांच्या स्वाधीन केले. 1979 मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, पण माझ्या दृष्टीने महत्त्वाचे हे की ते पाळक झाले असते तर जामखेडचे काम झाले नसते, आणि शहरातले यशस्वी डॉक्टर राहून दशमांश पाठवत बसले असते तरीही झाले नसते. सेवेला जा आणि नोकरीत राहा, या दोन्ही सल्ल्यांत त्यांची वाट बसत नाही. केडगावला पंडिता रमाबाईंनीही हेच केले. 1896-97 च्या दुष्काळातून वाचवून आणलेल्या मुलींना त्यांनी प्रार्थना शिकवली, तसेच विणकाम, शेती आणि छापखान्याचे कामही शिकवले, आणि रमाबाईंनी केलेल्या बायबलच्या भाषांतराचे खिळे त्याच मुलींच्या हातांनी जुळले.

मग निर्णय कोणी आणि कसा करायचा? मला प्रेषितांच्या कृत्यांतला अंत्युखियाचा प्रसंग मार्गदर्शक वाटतो. बर्णबा आणि शौल यांना वेगळे करा, असे पवित्र आत्म्याने सांगितले ते उपास आणि उपासना करत असलेल्या मंडळीच्या सेवकांना. त्याआधी ते दोघे वर्षभर त्याच मंडळीत शिकवत होते, लोक त्यांना ओळखत होते. मग उपास झाला, प्रार्थना झाली, हात ठेवले गेले, आणि मंडळीने त्यांना पाठवले. आपल्याकडे एका रात्रीच्या सभेत, जो वक्ता उद्या दुसऱ्या गावी जाणार आहे त्याच्या आवाहनावरून, हे सगळे उरकते. अशाने उत्साह थंड होईल, चौकशा करत बसलात तर आत्म्याला विझवाल, असे मला ऐकवले गेले आहे. पण जो उत्साह सहा महिन्यांची विचारपूस सहन करू शकत नाही तो वीस वर्षांची सेवा कशी सहन करील? उभ्या राहिलेल्या मुलाच्या घरी मंडळीच्या वडिलांनी जावे, कर्ज किती आहे ते विचारावे, त्याच्या आईशी बोलावे, लग्न झाले असेल तर पत्नीचे म्हणणे नवऱ्याच्या गैरहजेरीत ऐकावे, आणि तो हातातल्या कामात कसा वागतो हे त्याच्या सोबत्यांकडून जाणून घ्यावे. यातून कधी ‘जा’ असे उत्तर येईल, कधी ‘थांब’, कधी ‘तू इथेच हवा आहेस’. तिसरे उत्तर मिळालेल्यावरही हात ठेवून प्रार्थना व्हावी. तलाठ्यासाठी, परिचारिकेसाठी, वीज मंडळातल्या वायरमनसाठी अशी प्रार्थना झालेली मी कधी पाहिली नाही, आणि ती का होऊ नये याचे उत्तरही मला कोणी दिलेले नाही.

राहिला पैशाचा प्रश्न, ज्यावर आपण सर्वांत कमी बोलतो. पौल करिंथात अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तंबू करून पोट भरत होता, हे सर्वांना पाठ असते, आणि कमी पगारावर राबणाऱ्या पाळकाला ते ऐकवलेही जाते. पण प्रेषितांच्या कृत्यांच्या त्याच अध्यायात पुढे लिहिले आहे की मासेदोनियाहून सीला आणि तीमथ्य आल्यावर पौल वचन सांगण्यात गढून गेला. आणि करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तो स्वतः सांगतो की मासेदोनियाहून आलेल्या बांधवांनी त्याची गरज भागवली. म्हणजे पौलाला किती तास तंबू शिवावे लागतील, हे काही अंशी फिलिप्पैच्या मंडळीच्या थैलीवर अवलंबून होते. सुवार्ता सांगणाऱ्याने सुवार्तेवर उपजीविका करावी हा हक्क त्याने त्यांनाच लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात आधी पुराव्यांनिशी सिद्ध केला आणि मगच स्वतःपुरता सोडला. हक्क सोडण्याचा अधिकार त्याचा होता. करिंथकरांना तो नाकारण्याचा अधिकार नव्हता. आपल्या मंडळ्यांमध्ये मात्र ज्यांची मुदत ठेव बँकेत सुरक्षित आहे ते कमिटी सदस्य नव्या पाळकाला विश्वासाने जगायला सांगतात. ज्या मंडळीला तरुणांनी नोकऱ्या सोडून पूर्णवेळ सेवेला यावे असे मनापासून वाटते, तिने आधी वार्षिक सभेत पाळकाचा पगार, त्याचा भविष्य निर्वाह निधी, त्याच्या कुटुंबाचा आरोग्य विमा आणि निवृत्तीनंतर डोक्यावरचे छप्पर, हे विषय मांडून मंजूर करून घ्यावेत, आणि त्या ठरावाची प्रत घेऊन मे महिन्यातल्या शिबिराला जावे.